ग्रेहाउंडला घेऊन युरोपात जाताना: आजार, भूल, रक्तस्राव आणि कागदपत्रांबद्दल वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ब्रिटनमध्ये राहणाऱ्या, शर्यतीतून निवृत्त झालेला ग्रेहाउंड पाळणाऱ्या आणि सुट्टीत त्याला गाडीत घालून फ्रान्स, स्पेन, पोर्तुगाल किंवा इटली गाठणाऱ्या मराठी घरांसाठी हे पान आहे. सगळ्याच कुत्र्यांना लागू पडणाऱ्या गोष्टी थोडक्यात सांगितल्या आहेत. जिथे ग्रेहाउंडची गोष्ट वेगळी आहे, तिथे सविस्तर.

इतर कुत्र्यांपेक्षा ग्रेहाउंडला परदेशात जास्त धोका असतो का?

गोचिडीला आणि डासाला कुत्र्याची जात कळत नाही. आजार होण्याची शक्यता लॅब्रॅडॉरला जितकी, तितकीच ग्रेहाउंडला. फरक पडतो तो दवाखान्यात पाऊल टाकल्यावर. ग्रेहाउंडचं निरोगी रक्तसुद्धा छापील 'नॉर्मल' रकान्यात बसत नाही, काही भुलीची औषधं त्याच्या अंगातून सावकाश उतरतात आणि ऑपरेशननंतर दुसऱ्या दिवशी रक्त वाहू लागण्याची त्याला खोड आहे. तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांना हे ठाऊक असतं. रात्री अकरा वाजता अनोळखी गावात, तुमची भाषा न येणाऱ्या डॉक्टरला ते ठाऊक असेलच असं नाही. त्यामुळे ती माहिती कागदावर बरोबर न्यावी लागते.

रक्ताच्या रिपोर्टमध्ये नेमकं काय वेगळं दिसतं?

तांबड्या पेशींचं प्रमाण, म्हणजे हिमॅटोक्रिट, ग्रेहाउंडमध्ये साधारण ५० ते ६५ टक्के असतं. इतर कुत्र्यांत ४० टक्के चालून जातं. प्लेटलेट कमी असतात, लाखाच्या आसपास किंवा त्याच्याही किंचित खाली आकडा आला तरी कुत्रा ठणठणीत असू शकतो. पांढऱ्या पेशीही कमी. क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम जोखायचा आकडा) मात्र चढं असतं, कारण अंगावर स्नायू भरपूर: १.६ ते १.८ मिलिग्रॅम, म्हणजे युरोपातल्या रिपोर्टच्या भाषेत सुमारे १४० ते १६० मायक्रोमोल. थायरॉइडचा टी-४ कमी, कधी कधी मोजताच येणार नाही इतका कमी. ग्लोब्युलिन हे रक्तातलं प्रथिनही कमी. छातीच्या एक्स-रेमध्ये हृदय मोठं दिसतं, स्टेथोस्कोपमध्ये हलकी मर्मर ऐकू येते आणि दवाखान्याच्या धास्तीने रक्तदाब वर जातो.

यातून चूक दोन्ही बाजूंनी होते. निरोगी कुत्र्यावर मूत्रपिंडाचा किंवा थायरॉइडचा शिक्का बसतो आणि नको ती औषधं सुरू होतात. ही त्यातल्या त्यात सौम्य चूक. घातक आहे ती उलटी चूक. समजा, फ्रान्समध्ये नवव्या दिवशी कुत्रा मलूल झाला आणि हिमॅटोक्रिट ४२ आलं. यंत्रातून निघालेल्या कागदावर त्या आकड्यापुढे कुठलीच खूण नसेल, तो नॉर्मलच दिसेल. पण त्याचं घरचं हिमॅटोक्रिट ६० असेल, तर त्याच्या तांबड्या पेशींचा जवळपास तिसरा हिस्सा गेलेला आहे आणि बॅबेसिया (गोचिडीतून येणारा, तांबड्या पेशी फोडणारा परजीवी) शोधायला एक मिनिटही दवडून चालणार नाही. ग्लोब्युलिनचंही तेच. लिशमनियामध्ये (वाळूमाशीच्या चाव्यातून येणारा परजीवीचा आजार) ते वाढतं, पण ग्रेहाउंडची सुरुवातच खालून होत असल्याने वाढलेलं ग्लोब्युलिनही 'नॉर्मल'च्या रकान्यात जाऊन बसतं.

मग निघण्याआधी काय करून घ्यावं?

प्रवासाच्या तीन-चार आठवडे आधी, कुत्रा निरोगी असताना, रक्ताची पूर्ण तपासणी करून घ्या: पेशींची मोजणी, क्रिएटिनिन, प्रथिनं वेगवेगळी करून, आणि लघवीतलं प्रथिन. रिपोर्ट छापून घ्या, शिवाय फोनमध्ये फोटो ठेवा. डोंगरात रेंज नसली की ईमेलमधली पीडीएफ कुचकामी ठरते.

रिपोर्टला वर एक पान जोडा. जिथे जाणार त्या देशाच्या भाषेत आणि इंग्रजीत, टाइप केलेलं. त्यात एवढंच असावं: कुत्र्याचं वजन, चिपचा १५ अंकी नंबर, चालू औषधं, निरोगी असतानाचे आकडे, 'थायोपेंटल (भुलीचं जुनं औषध) देऊ नका', 'ऑपरेशननंतर उशिरा रक्तस्राव होतो, ट्रॅनेक्झॅमिक आम्लाचा विचार करावा' आणि तुमच्या डॉक्टरांचा देश-कोडसह फोन. पूर्ण पानभर मजकूर झाला तर कुणी वाचत नाही.

दात साफ करून घ्यायचे असतील (ग्रेहाउंडचे दात हा एक स्वतंत्र विषय आहे), तर ते काम प्रवासाच्या आदल्या आठवड्यात काढू नका. दात काढल्यानंतरचा रक्तस्राव फेरीबोटीवर सुरू झाला तर तिथे हाताशी डॉक्टर नसतो.

भुलीची इतकी भीती का घातली जाते?

भीती जुन्या औषधांची आहे. थायोपेंटल आणि त्याच्या जातीची बार्बिच्युरेट औषधं ग्रेहाउंडच्या यकृतात फार हळू मोडतात, शिवाय ती साठवून घ्यायला अंगावर चरबी नाही. बाकीचा कुत्रा दोन तासांत उठून बसतो, तिथे ग्रेहाउंड बराच वेळ गुंगीत पडून राहतो. युरोपातल्या बहुतेक दवाखान्यांत आज प्रोपोफॉल किंवा अल्फॅक्सलोन देतात. प्रोपोफॉलही जरा सावकाश उतरतं, पण नीट लक्ष ठेवलं तर चालतं. एसप्रोमॅझिन या गुंगीच्या औषधाचा डोस मात्र कमी हवा.

डॉक्टरांना दोन गोष्टी आवर्जून सांगा. पहिली, हा कुत्रा चटकन थंड पडतो. कातडी पातळ, केस आखूड, चरबी नावाला, त्यात ऑपरेशनच्या खोलीतला एसी. पांघरूण आणि गरम हवेची सोय पहिल्या मिनिटापासून हवी. दुसरी, लांबलेल्या भुलीत ग्रेहाउंडच्या रक्तातलं पोटॅशियम धोकादायक वाढल्याच्या नोंदी आहेत, म्हणून ईसीजी लावलेला असावा.

जाता जाता एक दिलासा: स्पेनमधल्या डॉक्टरांना ही जातकुळी नवी नाही. तिथे शिकारीचे गाल्गो, म्हणजे ग्रेहाउंडसारखेच स्पॅनिश कुत्रे, शेकड्याने दवाखान्यात येतात. 'गाल्गो इंग्लेस' एवढं म्हटलं की स्पेनमध्ये बहुतेकांच्या लक्षात येतं. आपल्याकडे लातूर-सोलापूर भागातला कारवान पाहिलेल्या डॉक्टरला लांब पायांचा, खोल छातीचा कुत्रा टेबलावर आला म्हणून दचकायला होत नाही, तसंच.

समुद्रकिनाऱ्यावर धावताना कातडी फाटली. टाके घालून झाले, आता निर्धास्त ना?

अजून नाही. ग्रेहाउंडची कातडी कागदासारखी फाटते, हे पाळणाऱ्यांना माहीत असतं. पुढचा भाग बऱ्याच जणांना माहीत नसतो. जखमेवर रक्ताची गुठळी नेहमीसारखी होते, पण ती वेळेआधी विरघळते. त्यामुळे टाके घातल्यावर सगळं ठीक दिसतं आणि ३६ ते ४८ तासांनी जखमेभोवती जांभळी सूज पसरते, टाक्यांतून रक्त झिरपू लागतं, कधी मांडीपासून पोटापर्यंत निळं-काळं होतं. नसबंदी केलेल्या ग्रेहाउंडांच्या एका अमेरिकी अभ्यासात २६ टक्के कुत्र्यांना असा उशिरा रक्तस्राव झाला होता.

ऑपरेशनआधी रक्त गोठण्याच्या नेहमीच्या चाचण्या केल्या तर त्या चोख येतात. दोष गोठण्यात नसून गुठळी टिकण्यात आहे, त्यामुळे या चाचण्यांत तो सापडत नाही. उपाय म्हणजे गुठळी टिकवणारी औषधं, अमिनोकॅप्रॉइक आम्ल किंवा ट्रॅनेक्झॅमिक आम्ल. ती रक्त वाहायला लागल्यावर देण्यापेक्षा ऑपरेशनच्या वेळीच सुरू करून पुढचे काही दिवस चालू ठेवणं बरं. डोस डॉक्टरांनी ठरवायचा.

तुमच्या हातात आहे ते असं: टाके पडल्यावर पुढचे तीन दिवस प्रवास करू नका, आणि सकाळ-संध्याकाळ जखमेचा फोटो त्याच कोनातून काढा. हिरड्या पांढुरक्या दिसल्या तर वाट पाहू नका. आणि माणसांची आयब्रुफेन देऊ नका. युरोपात औषधाच्या दुकानात ती सहज मिळते, पण कुत्र्याच्या पोटाला आणि मूत्रपिंडाला ती विष आहे, त्यात रक्तस्रावाची भर.

गोचिडीची गोळी दिली आहे. तरी पट्टा कशाला?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. अफोक्सोलॅनर, फ्लुरालॅनर वगैरेंची गोळी गोचिडीला मारते, पण गोचीड चावून रक्त प्यायल्यावरच. चावण्यापासून ती कुणालाच अडवत नाही. भूमध्य समुद्राच्या काठी खरी धास्ती आहे वाळूमाशीची, कारण लिशमनिया तिच्या एका चाव्यातून जातो. तिला दूर ठेवायला अंगावर लावायचं औषध लागतं: डेल्टामेथ्रिनचा पट्टा, किंवा परमेथ्रिन असलेले मानेवर सोडायचे थेंब. पट्टा निघण्याच्या किमान आठवडाभर आधी घाला, औषध कातडीवर पसरायला तेवढा वेळ लागतो. घरात मांजर असेल तर परमेथ्रिन नको, मांजराला ते जीवघेणं असतं.

ग्रेहाउंडची अडचण अशी की त्याच्या मानेवर आधीच रुंद मार्टिंगेल पट्टा असतो आणि औषधी पट्टा त्याच्यावर चढून बसतो. मग तो कातडीला टेकतच नाही आणि फुकट जातो. औषधी पट्टा खाली, थेट कातडीवर, दोन बोटं जातील इतका सैल. फिरवायचा पट्टा त्याच्या वर, किंवा सरळ हार्नेस. पहिले दोन-तीन दिवस मानेखाली लाली येते का बघा. ऑर्गॅनोफॉस्फेट असलेले जुन्या धाटणीचे पिसवांचे पट्टे ग्रेहाउंडला घालू नयेत.

वाळूमाशी नेमकी कधी आणि कुठे चावते?

साधारण एप्रिल-मे ते ऑक्टोबर, तिन्हीसांजेपासून पहाटेपर्यंत. आवाज नाही, आकार डासाच्या निम्म्याहून कमी, त्यामुळे साध्या मच्छरदाणीच्या भोकांतून आत येते. उडण्यात कच्ची असल्याने पंख्याच्या वाऱ्यापुढे टिकत नाही. म्हणून अंधार पडायच्या आत फेरी उरका, कुत्र्याला व्हरांड्यात झोपवू नका, शक्य तर वरच्या मजल्यावर झोपवा आणि पंखा चालू ठेवा.

लिशमनिया लगेच दिसत नाही. महिने जातात, कधी वर्षं. डोळ्यांभोवती कोंडा, वाढत जाणारी नखं, घोळणा फुटणं, वजन उतरणं, शेवटी मूत्रपिंड. इथेही ग्रेहाउंडची गल्लत होते. मांड्यांच्या मागचे केस गेलेले असणं या जातीत सर्रास असतं आणि त्याचा लिशमनियाशी संबंध नाही. पण जुनं टक्कल कोणतं आणि नवं कोणतं, हे फोटो असल्याशिवाय डॉक्टरला कळणार कसं? निघण्याआधी दोन्ही मांड्यांचे फोटो काढून ठेवा.

गोचीड सापडली तर?

चिमट्याने किंवा हुकाने, कातडीला अगदी टेकून धरा आणि सावकाश ओढा किंवा हुक फिरवा. तेल, रॉकेल, काडी यांपैकी काही नको, गोचीड घाबरून पोटातलं सगळं जखमेत ओकते. तारीख आणि जागा लिहून ठेवा.

रोज रात्री तपासायची ठिकाणं: कानांच्या आत आणि मुळाशी, ओठांच्या कडा, काखा, बोटांच्या बेचक्या, शेपटीखाली, मानेवर पट्ट्याच्या खाली. ग्रेहाउंडला आखूड केस असल्याचा हा एक फायदा, पाच मिनिटांत काम होतं. बॅबेसिया गोचिडीतून कुत्र्यात शिरायला साधारण दोन दिवस घेतो, म्हणून रोजची तपासणी खरोखर कामाला येते. एर्लिकिया हा गोचिडीतूनच येणारा जिवाणू मात्र काही तासांतच जातो. मुंबई-पुण्यात ज्याला सरसकट 'टिक फिव्हर' म्हणतात, त्यात हे दोन्ही येतात, पण औषधं निराळी: बॅबेसियावर इमिडोकार्बचं इंजेक्शन, एर्लिकियावर चार आठवडे डॉक्सिसायक्लिन.

ताप, फिकट हिरड्या आणि चहाच्या रंगाची लघवी एकत्र दिसली तर बॅबेसिया धरूनच चाला. नुसत्या कमी प्लेटलेटवरून मात्र एर्लिकिया ठरवता येत नाही, त्या ग्रेहाउंडमध्ये मुळात कमीच. डॉक्टरांपुढे जुना रिपोर्ट ठेवा.

हार्टवर्मची गोळी लागते का?

दक्षिण युरोपात हो. हार्टवर्म हा हृदयात वाढणारा कृमी डासांतून पसरतो. मिल्बेमायसिन किंवा मॉक्सिडेक्टिन, पोहोचल्यापासून ३० दिवसांच्या आत पहिला डोस, मग दर महिन्याला आणि परतल्यावर आणखी एक. शेवटचा डोसच लोक विसरतात.

पाइनच्या झाडांखाली केसाळ सुरवंट रांगेने चालताना दिसतात. त्यांचं काय?

लांब राहा. फेब्रुवारी ते एप्रिल हा त्यांचा झाडावरून उतरायचा काळ, स्पेन आणि दक्षिण फ्रान्समध्ये जास्त. केस तोंडात गेले की जीभ सुजते आणि पुढे तिचा तुकडा गळूनही पडतो. कोमट पाण्याने भरपूर धुवा, चोळू नका, हातमोजे घाला आणि तासाभरात दवाखाना गाठा.

उष्माघात ओळखायचा कसा?

जोरात धावून आलेल्या ग्रेहाउंडचं तापमान थोडा वेळ ४१ अंशांपर्यंत जातं आणि सावलीत उतरतं. म्हणून नुसत्या आकड्यावर जाऊ नका. झोक जाणं, उलटी, गडद लाल किंवा राखाडी हिरड्या, हाकेला ओ न देणं, ही लक्षणं दिसली की घड्याळ सुरू झालं. आधी गार करा, मग हलवा. नळाचं पाणी सतत अंगावर ओता आणि वारा घाला. ओला टॉवेल पांघरून ठेवू नका, थोड्या वेळात तो गरम होऊन उष्णता आतच कोंडतो. ३९.५ वर ओतणं थांबवा, कारण एवढ्या कमी चरबीचा कुत्रा त्यापुढे भराभर थंड पडतो. शुद्धीवर आला तरी त्याच दिवशी दवाखान्यात न्या.

फरशी तापली आहे का, हे हाताची पालथी बाजू पाच सेकंद टेकवून कळतं. पंजाला कुरूप असलेल्या ग्रेहाउंडला जुन्या शहरांतले दगडी रस्ते गार असले तरी दुखतात.

कागदपत्रांचा क्रम काय?

चिप, मग रेबीजची लस, मग २१ दिवस, मग आरोग्य प्रमाणपत्र. क्रम चुकला की सगळं पुन्हा. चिप बसवण्याआधी टोचलेली लस मोजत नाहीत. निवृत्त रेसरच्या कानातलं गोंदण ओळख म्हणून चालतं का, असं बरेच जण विचारतात: ते ३ जुलै २०११ च्या आधीचं असेल तरच, म्हणजे आजच्या कुत्र्यांना नाही. ग्रेट ब्रिटनमध्ये काढलेला पेट पासपोर्ट १ जानेवारी २०२१ पासून युरोपीय संघात चालत नाही. त्याऐवजी अधिकृत पशुवैद्याचं प्रमाणपत्र, युरोपात शिरण्याआधीच्या १० दिवसांत काढलेलं. सगळेच पशुवैद्य ते देऊ शकत नाहीत, आणि शाळांच्या सुट्टीआधी वेळ मिळणं कठीण. सहा आठवडे आधी फोन करा. रेबीजचा बूस्टर एक दिवस जरी उशिरा झाला तरी तो पहिली लस धरला जातो आणि २१ दिवस पुन्हा सुरू.

नियम मधूनमधून बदलतात, म्हणून तिकीट काढण्याआधी सरकारी पान एकदा उघडून पाहा.

परतताना कुत्र्याला बंदरावर अडवतात, ते कशामुळे?

बहुतेक वेळा पट्टकृमीच्या औषधामुळे. ग्रेट ब्रिटनमध्ये शिरण्याच्या किमान २४ आणि जास्तीत जास्त १२० तास आधी परदेशातल्या पशुवैद्याने प्रॅझिक्वांटेल देऊन कागदावर औषधाचं नाव, तारीख, वेळ, सही आणि शिक्का टाकलेला हवा. वेळ लिहायची राहते, किंवा शनिवारी दुपारी दवाखाना बंद होतो आणि सोमवारची फेरी पकडायची असते. परतीच्या दिवसापासून उलटे मोजा आणि मधोमध, साधारण तीन दिवस आधीची वेळ घ्या, म्हणजे फेरी रद्द झाली तरी हातात दिवस उरतो. डोस किलोला ५ मिलिग्रॅम, म्हणजे ३० किलोच्या कुत्र्याला १५०. कुत्र्याला बाहेर नेऊन वजन करतात का बघा. बारीक दिसतो म्हणून अंदाजे वीस किलो धरल्याने डोस कमी पडतो.

पाच दिवसांच्या आतली छोटी सहल असेल तर निघण्याआधीच ब्रिटनमधल्या डॉक्टरकडून औषध देता येतं. मात्र २४ तास उलटल्यावर आणि १२० तासांच्या आत परतायचं, आणि घरी आल्यावर २८ दिवसांत पुन्हा एक डोस द्यायचा. आयर्लंड, फिनलंड, माल्टा आणि नॉर्वेहून थेट येणाऱ्याला हे औषध लागत नाही.

विमानाने नेता येईल का?

परत ब्रिटनमध्ये येताना मदतनीस कुत्रे सोडले तर बाकीच्यांना विमानातून केवळ मालवाहू म्हणून प्रवेश आहे. ग्रेहाउंडला त्यात आणखी पेच म्हणजे पिंजऱ्याचा आकार. लांबी नाकापासून शेपटीच्या मुळापर्यंत अधिक कोपरापासून जमिनीपर्यंतच्या उंचीचा निम्मा भाग, रुंदी खांद्याच्या दुप्पट, उंची उभ्या कानांच्या टोकापर्यंत. असा पिंजरा छोट्या विमानाच्या मालदारातून जाईल का, हे आधी विचारून घ्या. गुंगीचं औषध देऊन पाठवू नका, रक्तदाब घसरतो आणि तिथे पाहायला कुणी नसतं. युरोपसाठी बोगद्यातली गाडीच बरी: फोकस्टोन ते कॅले ३५ मिनिटं, कुत्रा तुमच्याच मोटारीत.

आजीकडे भारतात सुट्टीपुरतं नेलं तर?

आमचं मत, नेऊ नका. भारतात पाळीव कुत्रा आणण्याची सोय मुळात कायम राहायला परतणाऱ्यांसाठी आहे, माणशी दोन प्राणी, आणि मुंबईत उतरण्याआधी पशु संगरोध केंद्राचं ना-हरकत प्रमाणपत्र लागतं. परतीला भारताचं नाव ब्रिटनच्या सवलतीच्या यादीत नसल्याने रेबीजची रक्तचाचणी लागते: लसीनंतर किमान ३० दिवसांनी रक्त, निकाल ०.५ युनिट किंवा जास्त, आणि भारतात गेल्यावर रक्त काढलं तर त्या तारखेपासून तीन महिने थांबा.

रात्री डॉक्टर शोधायचा कसा?

स्पेनमध्ये 'उर्हेन्सियास बेतेरिनारियास', फ्रान्समध्ये 'वेतेरिनेर द गार्द' असं विचारा. मुक्कामी पोहोचलात की पहिल्याच संध्याकाळी दोन नंबर फोनमध्ये घाला: जवळचा साधा दवाखाना आणि रात्रभर उघडं असणारं रुग्णालय, मग ते ६० किलोमीटरवर का असेना. विम्यात परदेशी उपचार धरले असले तरी बहुधा बिल आधी तुम्ही भरायचं असतं, म्हणून कार्डवर मर्यादा मोकळी ठेवा आणि बिलावर चिपचा नंबर लिहून मागा.

परतल्यावर तपासणी कधी?

पहिल्या महिन्यात ताप, मलूलपणा किंवा लघवीचा रंग बदलला तर त्याच दिवशी. लिशमनियाची रक्तचाचणी लगेच करून उपयोग नाही, प्रतिपिंडं तयार व्हायला वेळ लागतो. तीन ते सहा महिन्यांनी करा, आणि सोबत ग्लोब्युलिन मोजून निघण्याआधीच्या रिपोर्टशी ताडून पाहा. दोन वर्षांनीही कुत्रा आजारी पडला तर कुठल्या देशात, कुठल्या महिन्यात गेला होता ते डॉक्टरांना आपणहून सांगा. ब्रिटनमधल्या दवाखान्यात हा प्रश्न विचारला जाईलच असं नाही.